मातीतून बाहेर

भोरच्या कचेरीत मी इंग्रजी कागदांचं मराठी करत असे आणि त्याची मला भारी घमेंड होती. एके दिवशी डॉक्टरांच्या पत्रात 'एक्झ्यूम' असं क्रियापद आलं. आयुष्यात पाहिलं नव्हतं. शब्दकोश काढला. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर, 'ह्यूमस' म्हणजे माती. पुरलेलं मातीतून बाहेर काढणं. त्याच 'ह्यूमस'शी नम्र या अर्थाच्या 'हम्बल'चं नातं आहे, असंही पुढे दिलं होतं. मी खूश होऊन शेजारच्या कारकुनाला ते वाचून दाखवलं. पत्र कुणाबद्दल आहे, हे तोवर पाहिलंच नव्हतं.

भोंगवलीकडच्या एका वाडीतली पाच महिन्यांची मुलगी होती. शेतावर जाताना तान्ह्या पोराला मोहरीएवढी अफू चाटवून निजवायचं, हे तेव्हा कितीतरी घरांत चाले. ही निजली ती उठलीच नाही. आईनं मुद्दाम जास्त दिली, अशी दिरानं फिर्याद केली. पोरीच्या अंगात ताप होता, म्हणून त्या दिवशी दिलीच नाही, असं आई सांगत होती. कुणी ऐकलं नाही. दात न आलेल्या मुलाला जाळत नाहीत, म्हणून तिला मीठ घालून ओढ्याकाठी पुरलं होतं.

हुकूम वाचून दाखवायला मला पाठवलं. 'उकरणे' हा शब्द आईसमोर उच्चारायचं धाडस मला नव्हतं. मी 'माती बाजूला सारून पाहणे' असं गुळमुळीत लिहून नेलं. तिला वाटलं, नुसती माती बघणार. कोल्ह्यांच्या भीतीनं रचलेले काटे-दगड हटवून गड्यानं पहार उचलली, तेव्हा तिला कळलं. ती मधे येऊन बसली.

"पहार नको. म्या काढते."

आणि तिनं हातांनी काढलं. माझ्या भित्रेपणानं तिला मन घट्ट करायलाही वेळ मिळू दिला नव्हता. डॉक्टरांनी पोटातलं थोडं तपासणीसाठी बरणीत घेतलं, बाकीचं तिनं पुन्हा पुरलं.

दोनेक महिन्यांनी पुण्याहून अहवाल आला. अफूचा अंशही सापडला नव्हता. फिर्याद निकालात निघाली. कुणी न सांगता मी वाडीवर गेलो. खरं सांगायचं तर तिनं दुवा द्यावा, अशी माझी अपेक्षा होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरणीतलं कवा आणून देताय?" तिनं विचारलं. "अर्धीच पुरलीया म्या तिला."

विचारून सांगतो, म्हणालो. मी कुणालाच विचारलं नाही, आणि त्या वाडीवर पुन्हा गेलोही नाही.