फळीच्या पोटातलं तेल

समजा, तासून गुळगुळीत केलेली सागाची फळी तुमच्यासमोर आहे. फिकट, कोरडी. सुती कापडाची घडी तेलात बुडवा आणि रेषांच्या दिशेने फिरवा. आत दडलेल्या रेषा बघता बघता वर येतील. खुश होऊन तिथेच थांबू नका. पाव तासाने वरचं तेल पुसून काढा, नाहीतर त्याचा चिकटा होतो. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं लाकडाला पॉलिश करणारा नंदू राणे म्हणतो, तेल कोणीही लावतो, पुसायला शिकावं लागतं.

त्याची आणखी एक सवय आहे. फळीच्या खालच्या अंगाला वीतभर जागा तो कधीच घासत नाही. तिचं आधीचं तोंड गिऱ्हाइकाला दाखवता आलं पाहिजे.

मासळी विकणारी शेवंती टेम्पोतून एक काळी फळी घेऊन आली. नवऱ्याची होडी मोडीत निघाली, त्यातली एवढीच तिने मागून घेतली होती.

"मिस्त्री, याचं बाकडं करून दे. होडी गेल्यापासून म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलाय. निदान दारात तरी बसंल."

नंदूने वरचा काळा थर घासला. मग नेहमीप्रमाणे खालच्या अंगाला, न घासायची वीत सोडून, दोन चौकोन घासून दोन तेलं लावली. अळशीच्या तेलाने रेषा मधासारख्या उजळल्या. टंग या चिनी झाडाच्या बियांच्या तेलाने त्या फिक्याच राहिल्या. अळशीचं ठरलं. पण चार दिवसांनी बोट लावलं तर दोन्ही चौकोन चिकट. लाकडाने वर्षानुवर्षं माशाचं तेल प्यायलं होतं, ते आतून वर येत होतं. त्याने फळी थिनरने तीनदा पुसली, पुन्हा घासली, अळशीचे पातळ हात दिले. आठवड्याने ती खणखणीत सुकली. रेषा अशा उठल्या की शेजारच्या गाळ्यातला सिद्धेश म्हणाला, "झकास! माझ्या घरी पाठव ना."

बाकडं तयार झालं, तेव्हा शेवंती नवऱ्याला, महादूला, जवळजवळ ओढतच घेऊन आली. त्याने एकदाच पाहिलं.

"ही माझी फळी नाय."

"तुझीच रे! मीच आणली ना!" शेवंती ओरडली.

"माझी काळी होती."

तो वळला. नंदूने घाईने बाकडं उलटं केलं. "नाखवा, इथे बघा."

न घासलेल्या वीतभर जागेवर महादूने नाक टेकवलं. "मुशीचं तेल," तो म्हणाला. "हीच. वरनं पण तेच लाव."

"मुशीच्या, म्हणजे शार्कच्या काळजाचं? ते सुकत नाही, नाखवा. बसाल तिथेच चिकटाल."

"माझा बापूस लावायचा. दुसऱ्या दिवशी होडी दर्यात. कोण चिकटला नाय."

शेवटी तडजोड झाली. वरचं अळशीचं तसंच ठेवायचं आणि खालची वीत कोणी घासायची नाही, एवढ्यावर महादू तयार झाला. आता तो रोज सकाळी दारात बसतो. एक हात बाकड्याखाली असतो. शेवंती त्याला ओलांडून टोपली बाहेर काढते आणि रोज शिव्या घालते.

नंदूने मात्र तिच्याकडूनच मुशीचं तेल मागवलं. सागाच्या तुकड्यावर लावलं, पुसलं, उन्हात ठेवलं. आज बाविसावा दिवस. बोट अजून चिकटतं. महादूला दोनदा विचारून झालं. तो म्हणतो, बापूस सांगायचा नाय, मी विचारलं नाय.

महादूच्या बापाने तेलात काय घातलं असेल?