आठवीची बातमी

भोईर बाई गेल्या, तेव्हा मी त्यांच्याशी बोलत नव्हतो.

आज वर्ष झालं. सकाळपासून शाळेच्या ग्रूपवर त्यांचे फोटो येतायत, खाली हात जोडलेले इमोजी. मी एकही टाकला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाई भिवंडीतल्या कामतघरच्या आमच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. मी तिथेच शिकवतो. शाळा सातवीपर्यंत.

मी कल्याणहून नवीन आलो तेव्हा उत्साहात पालकसभा रविवारी ठेवली. खुर्च्या मांडल्या, बॅनर लावला. आलं कोण? शाळेचा शिपाई आणि एक आजोबा, तेही रस्ता चुकून.

बाई पोट धरून हसल्या. "मास्तर, भिवंडीचा रविवार शुक्रवारी असतो. कापडाचे लूम शुक्रवारी बंद ऱ्हातात. तुमच्या बॅनरसाठी कोण शिफ्ट सोडून येनार हाय?"

बाई स्वतः दर शुक्रवारी शाळा सुटली की चाळींमधून फिरायच्या. पिशवीत हजेरीपट, पायात रबरी चप्पल. कोणाचं पोर का येत नाही, ते दारात उभं राहून विचारायच्या. चहा घेतल्याशिवाय कुठूनच सुटका नसे. डायबेटिस होता तरी प्यायच्या. "न्हाय म्हटलं तर पुढच्या वेळी दार उघडत न्हायत," म्हणायच्या.

मी मात्र शाळेचा पत्रकार. महिन्याला "आपल्या शाळेची प्रगती" अशी पोस्ट पालकांच्या ग्रूपवर टाकायचो. स्मार्ट बोर्ड आला, फोटो. भिंती रंगवल्या, फोटो.

बाई म्हणायच्या, "नळाला पाणी कवा येतं ते लिवा. स्मार्ट बोर्ड कोणी पिनार न्हाय."

बाईंचा जीव अडकला होता आठवीत. सातवी झाली की पोरगे रिक्षाने, सायकलने कुठल्या तरी शाळेत जातात. पोरींना हायवे ओलांडून कोण पाठवणार? त्या घरी बसतात, मग घरातल्या कांडी मशीनवर. दिवसभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या. म्हणून आठवीचा वर्ग आपल्याच शाळेत हवा, यासाठी बाईंनी शिक्षण विभागाच्या ऑफिसात इतक्या चकरा मारल्या की तिथला वॉचमन त्यांना ताई म्हणायला लागला.

गेल्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या तोंडावर त्या ऑफिसातून फोन आला. "आठवी झालीच समजा."

फोन मी घेतला होता. बाई गावी होत्या.

आणि मी, अतिशहाणा माणूस, पाच मिनिटांत पोस्ट टाकली. "आनंदाची बातमी! यंदापासून आपल्याच शाळेत आठवी!" फुगे, फुलं, सगळं. ढिगाने लाइक आले.

आदेश आलाच नाही.

तोवर सात घरांनी पोरींचे दाखले शाळेतच ठेवले होते. इथेच आठवी आहे म्हटल्यावर दुसरीकडे कशाला जातील? बाकीच्या शाळांत वर्ग भरून गेले.

बाईंनी मला सगळ्या स्टाफसमोर झापलं. "मास्तर, तुमच्या एका मेसेजपायी पोरींचं वरीस जाईल. कागद हातात नसताना बातमी देता? लाज हाय का न्हाय?"

चूक माझीच होती. पण सगळ्यांसमोर बोलल्या ते मला लागलं. मी बोलणं टाकलं. नुसतं हो-नाही.

त्या शुक्रवारी त्यांनी विचारलं, "येता काय माझ्यासोबत? माफी मागायची हाय पालकांची."

मी म्हटलं, "काम आहे."

काही काम नव्हतं.

तीन शुक्रवार त्या एकट्या फिरल्या. माझी चूक स्वतःची म्हणून सांगितली, हे मला नंतर कळलं. एकेका मुख्याध्यापकाच्या दारात बसून सहा पोरींना दुसऱ्या शाळांत बसवलं. येण्याजाण्याला रिक्षा ठरवून दिली.

राहिली एक. लावण्या. वर्गात सगळ्यांत सरस वाचणारी. तिच्याकडे चौथ्या शुक्रवारी जायचं ठरलं होतं.

गुरुवारी पहाटे बाई गेल्या. हार्ट अटॅक.

मला कळलं ते त्याच ग्रूपवर, माझ्या फुग्याफुलांच्या पोस्टच्या थोड्याच मेसेज खाली.

मग मीही लावण्याकडे गेलो नाही. कोणत्या तोंडाने जायचं, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे भ्यालो.

गेल्या आठवड्यात आठवीचा आदेश आला. खरोखरचा. सही, शिक्का. त्याच शुक्रवारी तो घेऊन मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो.

ती मशीनवर बसली होती. वडिलांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा केला आणि तिच्याकडे दिला. "पढ."

तिने उभं राहून वाचला. जावक क्रमांकापासून खालच्या "प्रत माहितीसाठी"पर्यंत. कुठे अडखळली नाही. सरकारी मराठी ती, मलासुद्धा एका दमात वाचता येत नाही.

वडील ऐकत होते. मग मला म्हणाले, "सर, ये कागज पिछले साल क्यों नहीं लाए? आता तिच्या हातावर घर चालतंय. तिची आई आजारी हाय."



लावण्याने कागदाची नीट घडी घालून मला परत दिला. "सर, छान झालं. बाकीच्यांना उपयोग होईल," म्हणाली.

चौदा वर्षांची पोर. बाकीच्यांना, म्हणाली.

मी चहासुद्धा न घेता निघालो. त्यांनी थांबवलंही नाही.

बाई, आज सगळे लिहितायत, तुमच्या आत्म्याला शांती लाभो. माझा हात धजत नाही. लावण्या वर्गात येऊन बसेपर्यंत तुम्हाला कसली शांती मिळणार?

मी पुन्हा जाईन. दार उघडलं नाही तरी जाईन.

माफ करा, बाई.