बोटांचे ठसे

मोबाईलवर बघून मी घरीच पावाचं खमीर लावलं होतं. काचेच्या बरणीत कणकेचा घट्ट गोळा ठेवायचा, तो जिथवर भरेल तिथे बाहेरून रबर लावायचं आणि सकाळी रबराच्या किती वर आला ते बघायचं.

आई मात्र रोज संध्याकाळी त्यात बोटं रुतवून जायची. भिजवलेल्या कणकेचा गोळा तसाच ठेवला तर पिंडासारखा दिसतो, घरातलं माणूस जातं, असं ती मानायची. गोळा दबायचा, माझं माप चुकायचं. मी चिडायचे, "काहून हात लावतं त्याले?"

"तुले नाही समजत," ती म्हणायची. सकाळी खमीर फुगून ठसे बुजलेले असायचे. संध्याकाळी ती पुन्हा उमटवायची.

त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना भावाला विष चढलं. दवाखान्यातून तो जिवंत परत आला नाही.

तेरवी झाल्यावर मी पुन्हा बरणी भरली, रबर लावलं. संध्याकाळ झाली तरी आई उठेना. शेवटी मीच बरणी तिच्यापुढे धरली. "आई, बोटं लाव ना."

"आता कायले?" ती म्हणाली.

सकाळी माझं माप पहिल्यांदाच बरोबर आलं.