चळवळी

बाईंनी माझ्या पोरीला बाकाला बांधलं होतं. तिच्याच वेण्यांच्या लाल रिबिनींनी, कमरेशी गाठ मारून. आणि मी वर्गाच्या दारात उभी. हसत आलेली.

कारण बेबीच्या प्रगतिपुस्तकात शेरा होता: 'मुलगी फार चळवळी आहे.' मी चौथी शिकलेली. आमच्या वस्तीत चळवळ म्हणजे एकच. जिच्यात आम्ही बौद्ध झालो, मोर्चे काढले, ती. दुसरीतली पोर चळवळी! अख्ख्या वस्तीला मी तो शेरा वाचून दाखवला होता.

"बाई, आमचं घरच चळवळीचं हाये," मी म्हणाले.

बाई खो खो हसल्या. शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावून ऐकवलं. मग म्हणाल्या, "अगं, चळवळी म्हणजे एका जागी बूड टेकत नाही ती. तुमच्या लोकांना बसायची सवयच नसते. काढून ने हिला."

खोटं कशाला सांगू, राग आधी पोरीचाच आला. घरी नेऊन बडवली. मार खाताना ती एवढंच म्हणाली, "मी बसतो वं माय. पायच बसत नाही."

माझा हात तिथंच थांबला. त्या हाताची लाज अजून जात नाही.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली: डोकं तल्लख आहे, पुढे बसवा, मधून मधून उठू द्या. बाईंनी ती न वाचताच परत केली. "एकीसाठी वर्ग बदलू का?" शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज त्यांनी लिहूनच ठेवला होता. फक्त माझी सही हवी होती.

जवळ दुसरी शाळा नाही. ठेवली तर बांधणार. काढली तर जन्मभर माझ्यासारखी बिड्या वळणार. अडकित्त्यातली सुपारी झाले होते मी. बेबी बाकावरून माझ्याकडे बघत होती. कमरेला पुन्हा तीच रिबीन.

मी गाठ सोडली.

"सही नाही करत मी. पोरगी इथंच शिकन."

दुसऱ्या दिवशी बिड्यांचं सूप घेऊन वर्गाच्या दारातच मांडी ठोकली. बसायची सवय नाही म्हणे! सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसून पानं वळणारी बाई मी. शिपाई आला, ओरडला. बाई ओरडल्या. मी डॉक्टरांची चिठ्ठी उंबऱ्यावर ठेवली, वर दगड ठेवला.

"माह्या पोरीले उठू द्या. मंग मी उठतो."