तक्रारीची वाट बघणारी सुकेशनी

सुकेशनीला कुणी शिव्या घातल्या की ती खूश होते. हे वाचून तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. मी दिनकरराव, चुडाव्याच्या पोस्टाचा रिटायर मास्तर. चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळली, एक इकडची तिकडं होऊ दिली नाही. जे बघितलं तेच सांगतो, आणि सांगताना मधे बोललेलं मला खपत नाही.

सुकेशनी म्हणजे आमच्या तात्यारावची लेक. तात्याराव माझ्या हाताखाली डाक वाटायचा. त्याला एक खोड होती. दारात उभं राहून पत्रावरचं नाव पूर्ण पुकारल्याशिवाय तो पत्र हातात द्यायचा नाही. समोर ओळखीची बाई उभी असली, हात पुढं केला असला, तरी आधी नाव, मग पत्र. त्यात अर्धा दिवस जायचा. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, वळखतोस ना तिला? दे की हातात अन् नीघ." तर म्हणतो कसा, "साहेब, वर्षातून एकदा तिचं पूर्ण नाव कुणीतरी घ्यायलंय. तेबी तुमाला बघवंना का?" पुन्हा कधी त्याला टोकलं नाही. चार वर्षांमागं तो गेला.

लेक पूर्णेला एका कॉलेजात लिपिक आहे. सकाळच्या पॅसेंजरनं जाते, दिवे लागायला परत येते. मागच्या दिवाळीनंतर मी तिच्याकडं गेलो ते माझ्या कामासाठी. लेकानं बदलीवर जाताना त्याचा संगणक माझ्या गळ्यात घातला होता, आणि त्यातला ईमेल मला दाद देईना. पोस्टाचा मास्तर असून आपल्याला पत्र टाकता येत नाही, ही गोष्ट मला आतून खात होती.

"जयभीम काका, या," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. मी तिच्या टेबलाशी बसलो. पडद्यावर मराठी मजकूर, बाजूला इंग्रजी, मधे लाल-हिरव्या खुणा. मला परीक्षेचे पेपर तपासायला आल्यासारखं वाटलं. माझी चौकशीची सवय जुनी. चहा येईपर्यंत अर्धं पान वाचून काढलं.

"हे काय करायलीस गं?"

तिनं सांगितलं. वॅगटेल नावाचा ईमेलचा एक प्रोग्राम आहे. वॅगटेल म्हणजे आपल्याकडं शेपूट हलवत फिरतो तो परीट पक्षी. जगात कुठं कुठं बसलेली माणसं मिळून तो प्रोग्राम बनवतात आणि कुणालाही फुकट देतात. त्याच्यासोबत एक मदतपुस्तिका असते. पत्र कसं लिहावं, त्याला फोटो कसा जोडावा, चुकून उडवलेलं पत्र परत कसं आणावं, अशी सत्तेचाळीस पानं. ती मराठीत हिनं केली, आणि आठ वर्षं झाली, हीच सांभाळते.

"सांभाळते म्हंजे? एकदा लिवलं की सुटली ना?"

"कुठलं काका! ते लोक दर तीन महिन्याला कायतरी बदलतेत. आता हे बघा, पाठवायचं बटन डावीकडं व्हतं, ते उजवीकडं नेलं. अकरा पानांवर मी 'डावीकडं' लिवलेलं. बसले अकरा ठिकाणी दुरुस्ती करत."

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणीच न्हाई."

"मग वाचतं कोण?"

ती रिकामा कप उचलून आत निघाली. मला वाटलं, आपण नको तिथं बोट घातलं. पण मला राहवतं थोडंच? मी परत विचारलं, आणि मग खरी गोष्ट बाहेर आली.

त्या मंडळींनी नवा नियम केला होता. पुस्तिका तीस-पस्तीस भाषांत. कुठली भाषा वाचली जाते आणि कुठली नुसतीच पडून आहे, हे कळायचं कसं? त्यांनी ठरवलं, ज्या भाषेतून दोन वर्षांत एकाही वाचकाची तक्रार आली नाही, ती कुणी वाचत नाही असं धरायचं आणि नव्या आवृत्तीतून काढून टाकायची. मराठीतून एकही तक्रार नव्हती. मुदत होती एकतीस जानेवारी. त्याच्या आत एखाद्या वाचकानं चूक दाखवली नाही, तर आठ वर्षांची सत्तेचाळीस पानं गेली.

"एवढंच ना? आण कागद. आत्ता तक्रार लिवून देतो."

"खोटी नको काका." तिनं हात जोडले. "कुणीतरी खरंच अडलं पायजे. पहिलं पान मी बाबांसाठीच लिवलं व्हतं. ते रोज कुठं ना कुठं अडायचे. 'नाव कुठं घालायचं ते आधी सांग, बाकीचं मागून,' म्हणायचे. मी रागानं परत लिवायचे. बाबा गेले अन् माझी चूक काढणारं कुणी राह्यलं न्हाई." डोळे पुसायला ती आत गेली.

तिनं प्रयत्न केले नव्हते असं नाही. गावातल्या बारा जणांना तिनं पुस्तिका छापून दिली होती, सोबत एक फॉर्म: काय समजलं नाही? बारा फॉर्म परत आले. 'लय छान.' 'सगळं समजलं.' 'गावाचं नाव काढलं.' राजेश्री मॅडम, आमच्या शाळेच्या, त्या तर हिच्या डोळ्यांदेखत फोटो जोडायच्या पानावर अर्धा तास अडकल्या होत्या. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, 'हार्दिक अभिनंदन'. ही म्हणाली, "मॅडम, अडलात ते लिवा की!" तर त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, मलाच येत न्हाई, त्यात तुझी काय चूक?" आमच्याकडं असंच आहे. गावच्या लेकीच्या कामात खोट काढायची म्हणजे तिच्या घरचा चहा पिऊन त्याला नावं ठेवण्यासारखं. कुणाची जीभ रेटत नाही.

मी म्हणालो, "माझी रेटती. दे ती पुस्तिका."

आठ दिवस बसून मी सत्तेचाळीस पानं वाचली. एक चूक सापडेल तर शपथ. पोरीनं असं सोपं लिहिलं होतं की मी चौथ्या दिवशी लेकाला पत्र धाडलं, पाचव्या दिवशी त्याला शेताचा फोटो जोडला. अभिमान वाटला आणि डोकंही तापलं. एवढं बिनचूक कशाला करावं माणसानं?

जानेवारी लागला. आमच्या शेतातली गुळभेंडी ज्वारी हुरड्यावर आली. मी ठरवलं, पोस्टातल्या जुन्या सगळ्या मंडळींना हुरड्याला बोलवायचं. पेन्शनीच्या यादीवर बावीस जणांचे ईमेल पत्ते होते. आता एक अडचण होती. किशनराव आणि चंद्रभान, दोघंही माझ्याकडं डाक लावणारे जुने सॉर्टर. एका बदलीवरून त्यांचं बिनसलं ते बोलणंच बंद. एकाला कळलं की दुसरा येणार आहे, तर पहिला येणार नाही. पुस्तिकेत तेविसाव्या पानावर त्याचा इलाज मिळाला: पत्र पुष्कळांना पाठवायचं आहे पण कुणाला पाठवलं ते एकमेकांना दिसू नये असं वाटत असेल, तर 'प्रति'मध्ये स्वतःचा पत्ता घाला आणि बाकी सगळ्यांचे 'गुप्त प्रत'मध्ये. मी खूश. पानावर बोट ठेवून एक एक पायरी केली आणि बटण दाबलं. उजवीकडचं.

रविवारी सकाळी शेतात आगटी पेटवली. शेजारचा भुजंग कणसं भाजायला बसला. माझी बायको सरजाबाई, तिनं शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, सगळं बावीस जणांच्या हिशोबानं आणलं होतं. नऊ वाजले, दहा वाजले. बांधावर कुत्रं फिरकेना. भुजंग हुरडा चोळत होता, मी एकटा खात होतो. चौतीस वर्षं ज्यांच्यासोबत काढली त्यातला एकही येऊ नये?

"तुमी बोलावलं तरी हाय का त्यांना?" सरजाबाईनं विचारलं.

"लेखी बोलावलंय, लेखी!"

शेवटी लाज गुंडाळून किशनरावला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, पत्र आलं व्हतं की. पण वर 'प्रति' म्हणून तुमचंच नाव. मी म्हणलं, साहेबांच्या नावचं पत्र चुकून माझ्या पेटीत पडलं. न वाचताच बंद केलं. दुसऱ्याचं पत्र वाचायचं असतं का? तुमीच तर शिकवलं."

मी कपाळावर हात मारला. चंद्रभाननं तर, हे मागून कळलं, ते 'चुकीचा पत्ता' असं लिहून मला परत धाडलं होतं, तेही नियमाप्रमाणं. बावीसच्या बावीस पोस्टाची माणसं! ज्या पत्रावर आपलं नाव नाही ते पत्र आपलं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. आणि हे त्यांच्या डोक्यात भरवलं कुणी? मीच.

घरी आलो तोवर माझा पारा चढला होता. अंगातला सदरासुद्धा न बदलता संगणकाशी बसलो, 'चूक कळवा' असं जिथं लिहिलंय तिथं गेलो आणि लिहिलं: 'तुमच्या तेविसाव्या पानामुळं माझी इज्जत गेली. गुप्त प्रत ज्याला मिळते त्याला स्वतःचं नाव कुठंच दिसत नाही, हे तुम्ही कुठं लिहिलंय? ज्याला आपलं नाव दिसत नाही तो माणूस येईल कशाला? आत पत्रात तरी एकेकाचं नाव घ्या, एवढं सांगायला काय झालं होतं? हे पान कुणा बेअकली माणसानं लिहिलंय? बावीस जणांचा हुरडा वाया गेला. ताबडतोब खुलासा करावा.' खाली पूर्ण नाव, गाव, तालुका, पिनकोड. पाठवलं, आणि मग आठवलं की हे पान कुणी लिहिलंय.

रात्रभर जीव थाऱ्यावर नव्हता. तात्यारावच्या लेकीला बेअकली म्हणालो. सोमवारी संध्याकाळी पॅसेंजर गेल्याचा आवाज आला आणि पाच मिनिटांत ती दारात. धापा टाकत होती, डोळ्यांत पाणी. मी उठून उभा राहिलो. "पोरी, रागात लिवलं मी, चुकलो..."

"काका, लय मोठी चूक सापडली!" आणि हसायलाच लागली. हसता हसता रडली. "आठ वर्षांत पहिलं पत्र. तेबी इतकं मोठं!"

सरजाबाईनं तिला पाणी दिलं.

मराठीतली तक्रार आधी तिच्याकडंच येते, आणि नियमाप्रमाणं तिला ती शब्दाला शब्द इंग्रजीत करून त्या मंडळींना पाठवावी लागते, एक अक्षर गाळायचं नाही. मी म्हणालो, ते 'बेअकली' तेवढं वगळ. ती ऐकेना. स्वतःला बेअकली म्हणवून घेणारं वाक्य तिनं स्वतः इंग्रजीत केलं आणि धाडलं. तेविसावं पान दुरुस्त झालं. वर मंडळींनी ती दुरुस्ती मूळ इंग्रजीतही घेतली, म्हणजे आता सगळ्याच भाषांत जाणार. नॉर्वेच्या कुणा बाईनं विचारलं होतं, हुरडा म्हणजे काय, आणि पुढच्या वर्षी बाहेरच्या माणसाला येता येईल का. सुकेशनीनं तिला हुरड्यावर दोन पानं लिहून पाठवली.

मी बावीस जणांना बावीस वेगळी पत्रं धाडली, प्रत्येकात नाव घालून. पुढच्या रविवारी सगळे आले. हुरडा थोडा निबर झाला होता. किशनराव आणि चंद्रभान एकाच पोत्यावर बसले आणि मला नावं ठेवण्यापुरतं एकमेकांशी बोललेसुद्धा.

फेब्रुवारीत नवी आवृत्ती आली. मराठी तिच्यात होती. सुकेशनीनं फोन करून सांगितलं, शेवटचं पान बघा. बघितलं. 'मदत करणारे' म्हणून यादी होती. मराठीखाली छापलं होतं: दिनकरराव, चुडावा, जिल्हा परभणी. छाती फुगली, सरजाबाईला हाक मारून दाखवलं. तिला वाचता येतं, आणि तिची नजर माझ्याहून तिखट. ती म्हणाली, "अन् सुकेशनी कुठाय?"

नव्हती. माझ्या नावाच्या वर एवढंच होतं: 'भाषांतर: मराठी गट'. मी तिला फोन लावला.

"गटात कोण कोण हाय गं?"

"मीच की काका."

"अन् नाव?"

"आता माझं नाव कुणाला लागतंय? पुस्तिका राह्यली ना, बस की."

मी फोन ठेवला. डोकं तापलं होतं, पण या वेळी सदरा बदलून, तोंड धुऊन बसलो. 'चूक कळवा' उघडलं आणि लिहिलं: 'शेवटच्या पानावर मोठी चूक आहे. ज्या बाईनं आठ वर्षं ही पुस्तिका लिहिली तिचं नाव छापलेलं नाही. तिचं नाव सुकेशनी तात्याराव. तिचे वडील या गावात डाक वाटायचे. पूर्ण नाव पुकारल्याशिवाय त्यांनी कधी कुणाच्या हातात पत्र दिलं नाही. ताबडतोब दुरुस्ती व्हावी.'

खाली आणखी एक ओळ टाकली: 'नियमाप्रमाणं शब्दाला शब्द इंग्रजीत करून पाठवणे. एक अक्षर गाळू नये.'

संध्याकाळची पॅसेंजर यायला अजून वेळ होता. मी बटण दाबलं आणि तिची वाट बघत ओट्यावर येऊन बसलो.