कानानं पाहणारे काका

"थांबा, आता हासते पहा!" असं म्हणून काका एक बोट वर करायचे आणि फोन कानाला लावायचे. कुणाचा कॉल आलेला नसायचा. फोनवर इंग्रजांचा जुना विनोदी कार्यक्रम चालू असायचा. आता तुम्हीच सांगा, टीव्हीवरचा कार्यक्रम कुणी कानानं पाहतं का?

अकोल्याकडच्या मालेगावला बसस्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. रोज चारला माझ्या बाकड्यावर हजर. इंग्रजीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत नोकरीला होता. तिकडचे लोक म्हणे या जुन्या ब्रिटिश मालिकांवर फिदा. मुलाच्या खोलीतली अमेरिकन पोरं दर शनिवारी त्या लावून बसायची. एकदा त्यानं चालू टीव्हीचं चार मिनिटांचं शूटिंग करून बापाला पाठवलं. त्यात टीव्हीतल्या हशाच्याही आधी, फोन धरून बसलेला तो स्वतः खळखळून हसला होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुकानात गाड्यांचा गलका, आणि मी कधी कान दिलाच नाही.

"इंग्रज बोलून राह्यला, अमेरिका हासून राह्यली, अन् मालेगावात मी आयकून राह्यलो!" काका सांगायचे.

"पण काका, ते हासले कायले?"

"मले काय ठाऊक बाप्पा? हासले ना, झालं!"

आम्ही त्यांची भरपूर टर उडवायचो.

त्या हिवाळ्यात बर्फावर गाडी घसरून मुलगा गेला. त्याच्या फोनचाही चुरा झाला. अंत्यसंस्कार तिकडेच उरकले, इकडे राख तेवढी आली. महिन्याभरानं काका पुन्हा बाकड्यावर येऊन बसले, बोट वर केलं आणि फोन कानाला लावला. मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला.

पुढं त्यांचा फोन अडकायला लागला. मेमरी गच्च भरली होती. मी साफसफाईला घेतला, तर ते हललेलं, अंधारं शूटिंग दिसलं. मला दया आली. तोच भाग इंटरनेटवर शोधून स्वच्छ प्रत टाकली आणि जुनं कायमचं पुसलं. वर ऐटीत म्हणालो, "घ्या काका, एकदम चकाचक!"

त्यांनी बोट वर केलं. फोन कानाला लावला. मग दुसऱ्या कानाला लावला.

"भाऊ, याच्यात माहा पोरगा काहून नाई हासून राह्यला?"

पुसलेलं परत मिळेल म्हणून मी अकोल्यापर्यंत पळालो, जाणकारांच्या हातापाया पडलो. काही निघालं नाही. लोक काहीही म्हणोत, त्या पोराला मी दुसऱ्यांदा मारलं.

काकांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. तुमी तं चांगल्यासाठीच केलं." त्यानंतरही ते चारला येत. फोन समोर धरून तो भाग चारचौघांसारखा डोळ्यांनी पाहत. बोट काही वर जात नसे.

यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. बाकडं मी तिथंच ठेवलंय.

आता कुणाच्याही फोनमधलं काही पुसायचं असलं, की आधी एकेक व्हिडिओ मी कानाला लावतो. गिऱ्हाइकं हसतात, "काय भाऊ, कानानं पायता काय?"