पोस्टरवाल्या कुंदाताई

कुंदाताई टॅबलेट उघडायच्या आणि कितीतरी वेळ चित्राला हातच लावायच्या नाहीत. आधी आवराआवर! कालचे ब्रश जागेवर, नको ते रंग बाहेर, प्रत्येक गावाचं पोस्टर त्या-त्या गावाच्या फोल्डरात. लाखांदुरातल्या माझ्या छपाईच्या दुकानात गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं, आणि या बाईंचं झाडणं-पुसणं चालू. माझं डोकंच फिरायचं. "ताई, पोस्टर काढता का सडा टाकता?" असं मी ओरडलो, की मान वर न करता म्हणायच्या, "सडा टाकल्याबिगर कोनी रांगोळी काढते का, भाऊ?"

आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. नाटक तेच, कंपनी तीच. पण प्रत्येक गावाला पोस्टर मात्र खास आपलं पाहिजे. आपल्या मंडळाचं नाव, आपली तारीख, आणि मधोमध नायिकेचा भला मोठा चेहरा. तो चेहरा रंगवावा कुंदाताईंनीच. पूर्वी त्या नाटकाचे पडदे रंगवत, आणि टॅबलेटवरही त्यांनी रंगमंचच मांडला होता. तिथे चित्र एकावर एक काचा ठेवाव्यात तसं थराथरांनी काढता येतं. आम्ही बाकीचे आळशी, 'थर एक, थर दोन' म्हणून मोकळे व्हायचो. कुंदाताईंच्या थरांना नावं असायची : मागचा पडदा, विंगा, नायिका, खलनायक, अक्षरं. "मागचा पडदा पुढे आला त नट दिसन का?" असं वर मलाच विचारायच्या.

पोस्टरवर कंपनीचं नाव असे, मंडपवाल्याचं असे, माझ्या दुकानाचंही असे. चित्र काढणारीचं नसे. एकदा ताईंनी नाटक कंपनीच्या मालकाला, शालिकभाऊंना, तोंडावर विचारलं. ते खो खो हसले. "अवो बाई, लोक नटीले पाहाले येतेत. तुमचं नाव वाचाले कोन येते?" ते गेल्यावर ताई मला म्हणाल्या, "पडदे रंगवले तव्हाही नाव नोयतं, भाऊ. आता पायजे. मले पायजे." त्यांचे डोळे भरले होते, आणि मला शालिकभाऊंचा असा राग आला होता की काय सांगू.

मग एका वर्षी ऐन मंडईच्या तोंडावर नायिका दुसऱ्या कंपनीत निघून गेली. शालिकभाऊ घामाघूम होऊन दुकानात शिरले. पोस्टरवर एक बाई आणि स्टेजवर दुसरी, असं झालं तर गाव मंडप ठेवतं का! अर्धी गावं त्यांनी दुसऱ्या एका दुकानाला दिली होती. तिथल्या पोराने कॉम्प्युटरातली जागा वाचवायला सगळे थर दाबून एक करून टाकले होते. चेहरा बदलायचा तर सगळं चित्रच नव्याने काढायचं.

"वाचवा बाप्पा, ताई! साऱ्या गावायचे पोस्टर तुम्हीच करा!"

"बसा. चहा घ्या. मी जरा आवरून राहिली."

"आता कायचं आवरता!" आम्ही दोघेही एकदमच ओरडलो.

आवरलंच त्यांनी. मग नव्या नायिकेचा चेहरा एकदाच रंगवला, मन लावून, नाकातल्या नथीसकट. थराच्या शेजारी एक छोटासा डोळा असतो. तो मिटला की थर दिसेनासा होतो. ताई एकेका गावाचं पोस्टर उघडत, जुन्या नायिकेचा डोळा मिटत, नवी आणून बसवत. दुसऱ्या दुकानाची गावं आली, तीही त्याच साच्यात बसली. दिवस मावळायच्या आत सगळं तयार! मी तर टाळ्याच वाजवल्या.

"छापा, छापा!" शालिकभाऊ उड्या मारायचे बाकी होते.

"थांबा," ताई म्हणाल्या. "माझं नाव."

"टाका ना माय! मोठ्ठं टाका! पण येवढ्या गावायच्या पोस्टरवर लिहाले आता वेळ कुठून आणता?"

ताईंनी टॅबलेट त्यांच्याकडे फिरवला. अक्षरांच्याही वर आणखी एक थर होता, डोळा मिटलेला. त्यांनी तो उघडला. खालच्या कोपऱ्यात लाल अक्षरं झळकली : 'चित्र : कुंदा'. पुढचं गाव उघडलं, तिथेही तेच. त्याच्या पुढच्यातही.

"पह्यल्या पोस्टरापासून लिहून ठेवलं आहे," ताई म्हणाल्या, आणि पुढच्या गावाचा डोळा उघडला.